दुसऱ्याच्या ओंजळीनं पाणी: झेक, स्लोव्हाक, हंगेरीनं सगळं परदेशी कंपन्यांना का दिलं?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही संभाजीनगरचे मेकॅनिकल इंजिनिअर, कंपनी दोन वर्षांसाठी स्लोव्हाकियातल्या नित्राला पाठवतेय, आणि जायच्या आधीच कॉलवर तिथला एक सहकारी म्हणाला की "आम्ही म्हणजे जर्मनांचं वर्कशॉप, बाकी काही नाही." तुम्ही आकडे बघितले तर पगार आपल्यापेक्षा कितीतरी जास्त, बेरोजगारी कमी, रस्ते चकाचक. मग हा माणूस एवढा कडवट का बोलतोय, आणि समाजवाद गेल्यावर या देशांनी सगळं परदेशी कंपन्यांना का विकलं, स्वतःचे टाटा-बजाज का उभे केले नाहीत, असं तुमचं विचारणं आहे.

मी मूळचा कोल्हापूरचा. शिरोलीच्या एका फाउंड्रीत सुरुवात केली, मग चाकण, आणि २००७ पासून चौदा वर्षं झेक, स्लोव्हाकिया आणि हंगेरीत गाड्यांच्या पार्ट्सची खरेदी आणि सप्लायर क्वालिटी हेच काम. त्यामुळे जे लिहितोय ते कारखान्याच्या फाटकाच्या आतून बघितलेलं आहे, इतिहास मी तिथल्या म्हाताऱ्या फोरमन लोकांकडून ऐकला आणि नंतर वाचून पडताळला.

आधी प्रश्न जरा सरळ करून घेऊ. "परदेशी गुंतवणूक चांगली की वाईट" असा तो घेतला तर रात्रभर वाद होईल आणि हाती काही लागणार नाही. खरे प्रश्न दोन आहेत. १९९० साली त्यांच्याकडे दुसरा पर्याय किती होता हा एक, आणि आज त्या कारखान्यांमधले मोठे निर्णय कुठं होतात हा दुसरा. तुमचा सहकारी दुसऱ्याबद्दल बोलतोय आणि तुम्ही आकडे बघताय पहिल्याच्या परिणामाचे, म्हणून दोघांचं जुळत नाहीये.

अजून एक, देश कुठला यावर खूप काही अवलंबून आहे. पोलंडला पावणेचार कोटी लोकांची स्वतःची बाजारपेठ आहे, स्लोव्हाकिया ५४ लाखांचा देश, म्हणजे आपल्या एका पुणे जिल्ह्यापेक्षाही लहान असं समजा. स्लोव्हेनिया तर २० लाखांचा आणि त्याची वाट बरीच वेगळी. त्यामुळे "पूर्व युरोप" असं एकच गाठोडं बांधू नका, तिथल्या लोकांना तर तो शब्दही आवडत नाही, ते स्वतःला मध्य युरोप म्हणतात.

आता १९९० चं चित्र डोळ्यासमोर आणा. कारखाने होते, आणि चांगले होते. म्लादा बोलेस्लावमध्ये १८९५ पासून आधी सायकली, मग मोटारसायकली, मग गाड्या बनत होत्या, तीच आजची स्कोडा. हंगेरीत तुंग्सराम नावाची दिव्यांची कंपनी होती, टंगस्टनच्या तारेच्या बल्बच्या १९०४ सालच्या पेटंटवर मोठी झालेली. हंगेरीचीच इकारस कंपनी वर्षाला दहा हजारांहून जास्त बसेस बनवायची आणि त्यातल्या बहुतेक सोव्हिएत युनियन आणि आसपासच्या समाजवादी देशांत जायच्या. टर्नर, फिटर, टूलमेकर, मेटलर्जिस्ट, सगळे हाताशी, शिकलेले, पिढीजात कामगार म्हणावेत असे. मग नव्हतं काय? पैसा नव्हता. मालक नव्हता, कारण मालक सरकार आणि सरकारच बदललेलं. उधारीचा धोका तोलून कर्ज देणारी बँक नव्हती, बँक म्हणजे वरून आलेल्या आदेशानुसार रक्कम इकडून तिकडे लिहिणारं ऑफिस. आणि गिऱ्हाईकही एका झटक्यात गेलं. समाजवादी देशांचा आपसातला व्यापार १ जानेवारी १९९१ पासून डॉलरमध्ये आणि जागतिक भावानं करायचा ठरला, त्याच वर्षी ती संघटनाच, कॉमेकॉन, बंद झाली, सोव्हिएत युनियनही गेलं. इकारसच्या बसेस घेणार कोण? म्हणजे कामगार आहे, मशीन आहे, पण माल कुणासाठी बनवायचा हेच माहीत नाही आणि नवीन मॉडेल काढायला पैसा नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार.

आपल्याकडे १९९१ ला उदारीकरण झालं तेव्हा टाटा, बजाज, किर्लोस्कर, महिंद्रा हे आधीपासून होते, त्यांच्याकडे भांडवल होतं, बँकेत पत होती, घराण्यात दोन-तीन पिढ्यांचा धंद्याचा अनुभव होता. तिथं तसं घराणंच चाळीस वर्षांत शिल्लक ठेवलेलं नव्हतं. झेक देशात तर न्हाव्याची दुकानंसुद्धा सरकारी झाली होती. "स्वतःचे टाटा-बजाज का उभे केले नाहीत" याचं पहिलं उत्तर हे आहे.

तरीही सगळ्यांनी लगेच परदेशी माणसाला किल्ल्या दिल्या असं नाही, आणि इथली गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते म्हणून जरा सविस्तर सांगतो.

हंगेरीनं लगेच विकलं. त्यांच्यावर परदेशी कर्ज होतं साधारण २० अब्ज डॉलर, माणशी बघितलं तर त्या भागात सगळ्यात जास्त. पोलंडनंही भरपूर कर्ज केलं होतं, पण पोलंडला १९९१ मध्ये पाश्चात्त्य सरकारांनी त्यांच्या कर्जात निम्मी सूट द्यायचं कबूल केलं. हंगेरीनं सूट मागितली नाही, हप्ते फेडत राहिली, आणि हप्ते फेडायला परकीय चलन हवं म्हणजे कारखाना रोख पैसे देणाऱ्यालाच विकायचा. १९८९ च्या शेवटीच तुंग्सरामचा बहुमताचा हिस्सा जनरल इलेक्ट्रिकला १५ कोटी डॉलरला गेला. १९९५ मध्ये तिजोरीची अवस्था परत बिकट झाली तेव्हा टेलिफोन, गॅस, वीज कंपन्या असं एकेक करून विकत गेले. विकत घेणाऱ्यांमध्ये जर्मन होते, फ्रेंच होते, अमेरिकन होते.

झेक लोकांनी उलट ठरवलं. वाक्लाव क्लाउस तेव्हा अर्थमंत्री, नंतर पंतप्रधान, त्यांचा आग्रह की देशाची मालमत्ता देशाच्या लोकांना वाटायची. १००० क्राउनचं (क्राउन म्हणजे तिथलं चलन) तिकीट आणि ३५ क्राउनचं पुस्तक घ्यायचं, त्यात १००० पॉइंट, त्या पॉइंटवर हव्या त्या कंपनीचे शेअर मागायचे. चेकोस्लोव्हाकियात पहिल्या फेरीत ८५ लाखांच्या आसपास लोकांनी भाग घेतला. किती सुंदर कल्पना वाटते ना? पण सामान्य माणसाला शेअर म्हणजे काय हे माहीत नव्हतं, त्यानं पुस्तक उचलून गुंतवणूक फंडाला दिलं, एका फंडानं तर वर्षात दहापट देण्याचं आश्वासन जाहिरातीत दिलं होतं. मोठे फंड बहुतांश बँकांचे, बँका अजून अर्ध्या सरकारी, त्या बँका त्याच फंडांच्या कंपन्यांना कर्ज देणार. म्हणजे मालक तोच, सावकार तोच, आणि कंपनी बुडतेय हे बघणारा कुणीच नाही. कंपनीच्या आतून बोगदा खणून पैसा बाहेर काढणं याला तिथं शब्दच पडला, टुनेलोवानी. मी बोलेस्लावजवळच्या ज्या सप्लायरकडे वर्षानुवर्षं जायचो तिथला स्टोअरकीपर सांगायचा की आमची चांगली मशीनं एका रात्रीत दुसऱ्या कंपनीच्या नावावर गेली आणि आमच्याकडे फक्त कर्ज आणि माणसं राहिली. हे सांगताना वीस वर्षांनंतरही त्याचा आवाज बदलायचा.

१९९७ मध्ये क्राउन घसरला, त्याच वर्षी क्लाउस यांचं सरकार गेलं. आणि मग? १९९८ मध्ये परदेशी गुंतवणूकदारांना दहा वर्षांपर्यंत करमाफीची योजना आली, आणि १९९९ ते २००१ या काळात तीन मोठ्या बँका विकल्या, एक बेल्जियमच्या, एक ऑस्ट्रियाच्या, एक फ्रान्सच्या बँकेला.

स्लोव्हाकियात पंतप्रधान मेचिआर यांच्या काळात कारखाने आपल्या माणसांना स्वस्तात दिले गेले. कोशित्सेचा पोलादाचा अजस्र कारखाना त्यातलाच, तो कर्जात बुडाला आणि २००० मध्ये यूएस स्टीलनं घेतला. १९९८ ला झुरिंदा यांचं सरकार आलं, २००४ पासून सगळ्यांना एकच १९ टक्के कर केला, त्याच सुमारास प्यूजो ट्रनावाला आली, किया झिलिनाला आली, दोन्हीकडे २००६ मध्ये गाड्या बाहेर पडायला लागल्या.

बघा, एकानं रोखीत विकलं, एकानं लोकांना वाटलं, एकानं आपल्या सग्यासोयऱ्यांना दिलं, आणि पंधरा वर्षांनी तिघंही एकाच चौकात. स्वदेशी मालक घडवायचा प्रयत्न झालाच नाही असं कुणी म्हणालं तर ते खरं नाही, प्रयत्न झाला, पण भांडवल नसलेल्या माणसाला मालक केलं की तो बँकेच्या कर्जावर मालक होतो, आणि बँकेवर लक्ष ठेवणारं कुणी नसलं की कर्ज परत येत नाही, मग बँक वाचवायला सरकारला खर्च, आणि शेवटी बँक घ्यायची ऐपत फक्त बाहेरच्याकडे. त्यात युरोपियन युनियनमध्ये जायचं होतं, १ मे २००४ ला गेलेही, तिकडचे नियमही मोकळ्या भांडवलाच्याच बाजूचे. आणि शेजारी शेजारी चार देश एकाच कारखान्यासाठी बोली लावणारे, तू पाच वर्षं करमाफी देतोस तर मी दहा देतो, जमीन फुकट देतो, रस्ता बांधून देतो.

स्लोव्हेनिया काही काळ वेगळा राहिला. युगोस्लाव्हियात असतानाच त्यांच्या कंपन्या पश्चिमेला माल विकत होत्या, मॅनेजरला गिऱ्हाईक माहीत होतं, त्यामुळे कामगार आणि मॅनेजर यांच्या हातात कंपन्या ठेवून त्यांनी बरीच वर्षं चांगली काढली. पण तिथंही सरकारी बँकांनी ओळखीपाळखीत कर्जं दिली आणि २०१३ च्या शेवटी बँकांमध्ये सरकारला तीन अब्ज युरोंहून जास्त ओतावे लागले. गोरेन्ये ही त्यांची फ्रिज-वॉशिंग मशीनची कंपनी २०१८ मध्ये चिनी हायसेन्सकडे गेली.

इथपर्यंत थोडक्यात: हात शिकलेले होते, पैसा आणि गिऱ्हाईक नव्हतं, स्वतःचा मालक घडवायचा प्रयत्न बँकांच्या दारात अडला, आणि परदेशी कंपनीनं पैसा, गिऱ्हाईक आणि मॉडेल तिन्ही एकदम आणलं.

आता तुमच्या सहकाऱ्याचं म्हणणं. त्यासाठी गाडीच्या धंद्यात काम कसं मिळतं ते समजून घ्या, तुम्हाला अर्धं माहीतच असेल. नवीन मॉडेल येणार असेल तर ते कुठल्या प्लांटला द्यायचं याचा निर्णय मुख्यालयात होतो. ग्रुपचे पाच-सहा प्लांट आपापला आकडा देतात, प्रति गाडी खर्च इतका, सरकार इतकी मदत देतंय, युनियनशी करार इतक्या वर्षांचा. सख्खे भाऊच एकमेकांविरुद्ध टेंडर भरतात म्हणा ना. ज्याला मिळालं त्याला पुढची सात-आठ वर्षं काम, ज्याला नाही मिळालं त्याच्या लाइनचं वय मोजायला सुरुवात. हीच पद्धत टियर-वनमध्ये, म्हणजे गाडी कंपनीला थेट माल देणाऱ्या सप्लायरमध्ये पण. मी एका कंपनीत होतो, नाव सांगत नाही, तिथं आमच्या प्लांटचा स्क्रॅप रेट, म्हणजे बाद मालाचं प्रमाण, ग्रुपमध्ये सगळ्यात कमी होता, ऑडिटमध्ये कायम पुढे, तरी पुढच्या जनरेशनचा ब्रॅकेट दक्षिणेकडच्या दुसऱ्या देशातल्या प्लांटला गेला, पीसमागं काही सेंटचा फरक. आमच्या प्लांट मॅनेजरला ते ई-मेलनं कळलं. त्यानं त्या दिवशी कुणालाच सांगितलं नाही, दुसऱ्या दिवशी शिफ्ट सुरू व्हायच्या आधी सगळ्यांना बोलावून स्वतः सांगितलं, तो प्रसंग मी विसरू शकत नाही.

त्याच प्लांटमध्ये एक प्रोसेस इंजिनिअर होती, अत्यंत हुशार. तिनं डायमधल्या गेटिंगमध्ये, म्हणजे साच्यात वितळलेला धातू शिरायच्या वाटेत, एक साधा बदल सुचवला, ब्लोहोल (पार्टमधली हवेची भोकं) जवळपास बंद होणार होते, आम्ही ट्रायल शॉट काढून दाखवलेही. पण ड्रॉइंगवर बदलाची सही जर्मनीतल्या डिझाइन सेंटरची. सात महिने लागले. शिरोलीत असतो तर मालक स्वतः शॉपवर आला असता, मोल्ड बघितला असता आणि संध्याकाळपर्यंत "करा" म्हणाला असता. शिरोलीतल्या मालकाकडे त्या प्लांटच्या दशांश पैसा नाही, तशी मशीनं नाहीत, पण हो-नाही त्याच्या हातात आहे. अवलंबून असलेला भांडवलशाही कारभार म्हणतात तो असा दिसतो, पगार वेळेवर, मशीन उत्तम, सेफ्टी उत्तम, आणि "पुढं काय बनवायचं" हा विषय तुमच्या टेबलावर कधी येत नाही. बटईनं जमीन कसणारा कितीही कष्टाळू असला तरी पुढच्या हंगामात काय पेरायचं हे वाड्यावर ठरतं, तसं.

हे फक्त भावनेचं नाही, पैशातही दिसतं. थॉमा पिकेटी या फ्रेंच अर्थशास्त्रज्ञानं २०१८ मध्ये आकडे मांडले होते, २०१० ते २०१६ या काळात नफा आणि इतर मालमत्तेच्या उत्पन्नापोटी दरवर्षी सरासरी झेक जीडीपीच्या ७.६ टक्के, हंगेरीच्या ७.२ टक्के, पोलंडच्या ४.७ टक्के इतकी निव्वळ रक्कम बाहेरच्या मालकांच्या नावे गेली. आणि युरोपियन युनियनकडून मदत म्हणून निव्वळ आले ते झेकना १.९, हंगेरीला ४.०, पोलंडला २.७ टक्के. यात एक गोष्ट लक्षात ठेवा, या हिशेबात तिथंच परत गुंतवलेला नफाही धरलेला असतो, सगळा पैसा बॅगेत भरून गेला असं नाही. पण तो परत गुंतवायचा की न्यायचा हे परत मालकच ठरवणार ना.

बँकांचंही तेच. झेक आणि स्लोव्हाकियात बँकांच्या मालमत्तेचा नव्वद टक्क्यांहून जास्त भाग परदेशी बँकांकडे गेला. चांगल्या काळात कर्ज सहज मिळालं. हंगेरीत तर लोकांनी घरं स्विस फ्रँकच्या कर्जावर घेतली, व्याज कमी म्हणून. २००८ नंतर फोरिंट, म्हणजे हंगेरीचं चलन, घसरला आणि पगार फोरिंटमध्ये, हप्ता फ्रँकच्या भावानं, असं झालं. माझ्या तेव्हाच्या ग्यॉरच्या घरमालकिणीचा हप्ता भरताना जीव मेटाकुटीला यायचा, घर विकावं तर कर्ज घराच्या किमतीपेक्षा मोठं. २००९ मध्ये व्हिएन्नात परदेशी बँका, सरकारं आणि आंतरराष्ट्रीय संस्था बसल्या आणि बँकांनी एकदम पैसा काढून घ्यायचा नाही असं ठरवलं, त्यामुळे मोठा अनर्थ टळला.

आणि कारखाना निघून जाऊ शकतो का? जातो. सगळ्यात ठळक उदाहरण रोमानियातलं. नोकियानं जर्मनीतल्या बोखुमचा मोबाइल कारखाना २००८ मध्ये बंद केला आणि रोमानियात क्लुजजवळ नवा सुरू केला. जर्मनीत केवढा संताप, रोमानियात केवढा आनंद. २०११ मध्ये क्लुजचाही बंद केला, काम आशियात नेलं. तीन-साडेतीन वर्षं फक्त. मोबाइल जोडायची लाइन उचलून न्यायला सोपी. गाडीचा प्लांट तसा उचलता येत नाही, प्रेस शॉप, पेंट शॉप, भोवती वीस-पंचवीस सप्लायर, सगळं रुजलेलं असतं. म्हणून परदेशी कंपनी आहे एवढं बघून घाबरायचं कारण नाही, ती काय बनवते आणि जमिनीत किती खोल गेलीय ते बघायचं.

खोल गेल्यावर कामगाराच्या हातातही ताकद येते, हे मी स्वतः बघितलंय. जून २०१७ मध्ये ब्रातिस्लाव्हाच्या फोक्सवॅगनमध्ये संप झाला, तिथल्या इतिहासातला पहिला, सहा दिवसांत साधारण १४ टक्के टप्प्याटप्प्यानं वाढ घेतली. जानेवारी २०१९ मध्ये ग्यॉरच्या ऑडीत आठवडाभर संप, तिथून सगळ्या ग्रुपला इंजिनं जातात, ती थांबली तर जर्मनीत इंगोलश्टाटची लाइन थांबली. १८ टक्के वाढ मिळाली. त्याच्या महिनाभर आधी हंगेरीच्या सरकारनं ओव्हरटाइमची मर्यादा वर्षाला ४०० तासांवर नेली होती आणि हिशेब तीन वर्षांत चुकता केला तरी चालेल असा कायदा केला होता, लोकांनी त्याला गुलामीचा कायदा म्हटलं. हंगेरीच्या त्या ऑर्बान सरकारकडं बाहेरून बघितलं तर परदेशी भांडवलाला विरोध करणारं वाटायचं, पण नीट बघा, जादा कर लावले ते बँका, सुपरमार्केट, टेलिफोन यांच्यावर, निर्यात करणाऱ्या कारखान्यांशी मात्र सरकारनं सामंजस्य करार केले, २०१७ पासून कंपनी कर ९ टक्के केला, युरोपियन युनियनमध्ये सगळ्यात कमी, आणि २०२२ मध्ये चिनी बॅटरी कंपनी सीएटीएलनं देब्रेत्सेनला सात अब्ज युरोंहून मोठा प्रकल्प जाहीर केला. म्हणजे ओंजळ बदलली, पाणी अजून दुसऱ्याच्याच हातून.

आता दुसरी बाजू, कारण तीही तितकीच खरी आहे. १९९१ मध्ये फोक्सवॅगन आली तेव्हा स्कोडा वर्षाला पावणेदोन लाखांच्या आसपास गाड्या बनवायची आणि स्कोडा म्हटलं की युरोपात लोक चेष्टा करायचे. २०१४ मध्ये वर्षाला दहा लाखांच्या वर गेली. फोक्सवॅगननं आधी थोडा हिस्सा घेतला, २००० मध्ये पूर्ण कंपनी. पण सुरुवातीच्या सौद्यातच झेक सरकारनं आग्रह धरला होता की ब्रँड टिकला पाहिजे आणि डिझाइन, डेव्हलपमेंट बोलेस्लावमध्ये राहिलं पाहिजे. त्या एका आग्रहाचं फळ तुमच्या गावापर्यंत आलेलं आहे. २००१ मध्ये तुमच्या शेंद्र्याला ऑक्टाव्हिया जोडायला सुरुवात झाली, आणि २०१८ मध्ये फोक्सवॅगन ग्रुपनं भारताची सगळी जबाबदारी स्कोडाकडे दिली, भारतासाठीचा प्लॅटफॉर्म झेक इंजिनिअरांच्या नेतृत्वाखाली झाला, कुशाक ही गाडी त्यावरच बनते चाकणला. म्हणजे मालक जर्मन असूनही एखादा प्लांट नुसत्या जोडणीतून वर सरकू शकतो. तसं सगळ्यांचं झालं नाही. तुंग्सराम परत हंगेरियन हातात आली, पण तोपर्यंत उशीर झाला होता, २०२२ मध्ये दिवाळखोरीत गेली.

पगाराचं म्हणाल तर २०२३ च्या आकड्यांत कंपनीला तासामागे कामगाराचा खर्च जर्मनीत ४० युरोंच्या वर, झेक देशात १८ च्या आसपास, हंगेरीत १३ च्या आसपास. तुम्ही संभाजीनगरहून बघता तेव्हा १८ मोठे वाटतात. तो सहकारी ब्रातिस्लाव्हाहून तासाभरात व्हिएन्नाला पोचतो आणि त्याला तेच मशीन, तोच पार्ट, तीच शिफ्ट आणि दुप्पट पगार दिसतो. तीस वर्षं झाली, अंतर कमी झालं, पण अजून आहे. आणि ते पूर्ण मिटलं तर कारखाना इथं ठेवायचं मुख्य कारणच गेलं, ही भीती प्रत्येक पगारवाढीच्या बोलणीत टेबलाखाली बसलेली असते. शिकलेला पण स्वस्त हात, यावर उभं राहिलेलं घर आहे ते, आणि तिथले शहाणे लोक ते जाणतात, म्हणूनच संशोधन, सॉफ्टवेअर, स्वतःचा ब्रँड यासाठी त्यांची धडपड चालू असते.

तुम्ही जाताय ते नित्रा तर अजून गुंतागुंतीचं आहे. तिथला मोठा प्लांट जग्वार लँड रोव्हरचा, २०१८ मध्ये सुरू झाला, स्लोव्हाक सरकारनं साडेबारा कोटी युरोंची मदत दिली, इंग्लंडमधल्या सोलिहलहून डिस्कव्हरी तिकडे आणली, डिफेंडरही तिथंच बनते. कंपनी २००८ पासून टाटांची. म्हणजे मालक मुंबईत, डिझाइन इंग्लंडमध्ये, जोडणी नित्रात. तुमची कंपनी त्या प्लांटला माल देणार असेल तर तुमच्या सहकाऱ्याच्या नजरेत तुम्ही पाहुणे इंजिनिअर नसाल, मालकाच्या देशाचा माणूस असाल. हे डोक्यात ठेवून बोला, विशेषतः पहिले सहा महिने.

गेल्यावर दोन-तीन गोष्टी स्वतः बघा, कुणाच्या मताच्या भरवशावर राहू नका. ड्रॉइंगवर बदलाची सही कुणाची लागते ते बघा, नित्रात होते की बाहेर. टूलरूममध्ये नवीन डाय बनतात की फक्त दुरुस्ती होते. आणि सध्याच्या मॉडेलचं काम कुठल्या वर्षी संपतंय आणि पुढचं काम हातात आलंय का, हे सेल्सवाल्याला विचारा, त्याला माहीत असतं. सप्लायरमध्ये स्लोव्हाक मालक असलेली कंपनी कुठल्या थरात भेटते तेही बघत राहा, मला बहुतेक तिसऱ्या थरात भेटल्या, पॅकिंग, साधं मशीनिंग, वाहतूक.

आणि ओळख वाढली की एखाद्या संध्याकाळी त्या सहकाऱ्याला कोफोला प्यायला घेऊन जा, तिकडचं जुनं कोल्ड्रिंक, आणि त्याला विचारा की १९९० मध्ये तुझे वडील कुठं कामाला होते. मी हा प्रश्न चौदा वर्षांत अनेकांना विचारला. बहुतेकांनी आधी कारखान्याचं नाव सांगितलं, मग तिथं काय बनायचं ते अभिमानानं सांगितलं, आणि मग तो कधी बंद पडला ते.